एमजीएफ तापते, पाणी कमी होतं : हेड खोलण्याआधी काय काय बघायचं

एमजीएफ, म्हणजे एमजीची दोन सीटांची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि तिच्यानंतर आलेली टीएफ, या दोन्ही गाड्यांचं हे एकच दुखणं मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. गाडी मालकाने आणली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हेड गॅस्केट गेली बहुतेक." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील. कधी ती खरंच गेलेली असते. पण पुष्कळदा ती अजून शाबूत असते आणि पाणी दुसरीकडूनच जात असतं. ते पाणी वेळेत सापडलं नाही तर मात्र गॅस्केट जाते. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणी हौसेने ही गाडी घेतली असेल, किंवा स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायच्या विचारात असेल, तर हेड खोलायच्या आधी हे क्रमाने करून बघा.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी गाडी पुढे दामटू नका.

- कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टँकमधली पातळी दर थोड्या दिवसांनी खाली जाते, पण पार्किंगच्या जागी एक थेंब दिसत नाही.
- तापमानाचा काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा.
- काटा मध्याच्या वर चढतो आणि मग एकदम खाली पडतो.
- गर्दीत तापते, मोटरवेवर ठीक राहते. किंवा बरोबर उलट.
- गाडी बंद केल्यावर मागचा इंजिन बेचा (इंजिन बसतं त्या जागेचा) पंखा नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरतो, किंवा डॅशबोर्डवर इंजिन बेचा दिवा लागतो.
- आत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पायाखालचं कार्पेट ओलं.
- सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं आणि पांढरा धूर बराच वेळ राहतो.

तिसऱ्या लक्षणाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं वाटतं. प्रत्यक्षात सेन्सरभोवतीचं पाणीच संपलेलं असतं आणि तो नुसत्या हवेत किंवा वाफेत लटकत असतो. म्हणून तो कमी आकडा दाखवतो. अशा वेळी चालवलेला पुढचा एक मैलसुद्धा हेड वाकवायला पुरतो. काटा वर जाऊन पडला की सुरक्षित जागा बघा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा. सर्किटमध्ये पाणी शिल्लक असेल तर तेवढी उष्णता बाहेर जाते. त्यातून गार हवा आली तर पाणी फिरतच नाहीये, हे लगेच कळतं.

याच गाडीत हे का होतं

एमजीएफ १९९५ मध्ये आली. इंजिन सीटच्या मागे, आडवं बसवलेलं. रेडिएटर मात्र नाकात. वजनाचा मोठा भाग मधोमध आल्यामुळे ही गाडी वळणात इतकी छान वळते. व्हीव्हीसी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलत राहणाऱ्या, जास्त ताकदीच्या इंजिनची गाडी शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत साधारण ७ सेकंदांत पोचते. १९९५ च्या मानाने आणि त्या किमतीच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती, आणि मला आजही ती चालवायला तितकीच आवडते. पण या मांडणीची किंमत कूलिंगला मोजावी लागते. पाण्याला मागच्या इंजिनापासून फ्लोअरच्या खालून लांब पाइपांतून पुढे जायचं आणि तसंच परत यायचं. हीटर पुढे, टँक मागे. हवा अडकायला जागा भरपूर, आणि इंजिन डोळ्यांसमोर नसल्यामुळे गळती दिसायची शक्यता कमी. बॉनेट उघडून रोज नजर टाकता येते तसं इथे नाही. बूटमधल्या (डिकीतल्या) छोट्या झाकणातून टँक, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आणि ऑइलची कॅप हाताला लागते. बाकी इंजिनासाठी हुडच्या (कापडी छताच्या) मागची कव्हरं काढावी लागतात.

आणि इंजिन म्हणजे रोव्हरची के-सीरिज. हे ऑल-अॅल्युमिनियम इंजिन १९८० च्या दशकाच्या अखेरीला लहान क्षमतेसाठी आलं, आणि नंतर वाढवत वाढवत १७९६ सीसीपर्यंत नेलं. हेड, ब्लॉक आणि खालचा बेअरिंगचा भाग हे सगळं दहा लांबलचक बोल्टांनी एकत्र आवळलेलं असतं. हलकं आणि हुशार डिझाइन आहे ते. १९९६ मध्ये लोटसने एलिस या स्पोर्ट्स कारमध्ये हेच इंजिन वापरलं, ते याच हलकेपणासाठी. पण इंजिनाच्या आत पाणी फार कमी मावतं. मोठ्या लोखंडी इंजिनात अर्धा लिटर पाणी कमी झालं तरी ते निभावून नेतं. इथे तितकी ढील नाही.

  

तपासण्या : फुकटपासून महागापर्यंत

सुरुवातीलाच एक नियम. गरम इंजिनावर टँकची कॅप किंवा एअर काढायचा कोणताही स्क्रू उघडायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, कॅप सुटली की ते त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच काम करा.

*पातळी आणि ऑइल.* गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. टँकवर आजच्या पातळीला टेपचा तुकडा लावा आणि तारीख लिहा. आठवडाभर रोज सकाळी बघा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारी तपासणी आहे, कारण "पाणी पिते" आणि "मागच्या वेळी एअर राहिली होती ती बाहेर आली" यांतला फरक यातूनच कळतो. एअर बाहेर येत असेल तर पातळी एक-दोनदा उतरते आणि मग स्थिर होते. गळती असेल तर ती उतरतच राहते.

ऑइलच्या कॅपखाली मलईसारखा थर दिसला म्हणून घाबरू नका. थंडीत, छोट्या फेऱ्यांनी, के-सीरिजमध्ये ओलाव्यामुळे तिथे तसा थर धरतोच. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर अजून पुष्कळ आशा आहे. डिपस्टिकवरच दुधाळ चॉकलेटी ऑइल असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोडा, इंजिन पुन्हा सुरू करू नका आणि गाडी रिकव्हरी ट्रकवर चढवा. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगना सांभाळत नाही. मग गॅस्केटच्या खर्चात क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) खर्चही जोडला जातो.

*टँकची कॅप.* काही पौंडांत नवी मिळते. जुनी कॅप दाब धरत नसेल तर पाणी शंभर अंशांनाच उकळायला लागतं. सुमारे एक बार जादा दाब राहिला तर साधं पाणीही १२० च्या आसपास उकळतं, आणि हाच फरक इंजिनाला वाचवतो. कॅप कमकुवत असली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ वाफेचे बुडबुडे होतात, पाणी टँकमधून बाहेर फेकलं जातं आणि जमिनीवर मात्र काहीच दिसत नाही. रबर चिरलेलं किंवा चपटं झालेलं असेल तर विचार करत बसू नका, बदला. मी तर गाडी नवीन घेतल्यावर न बघताच बदलायला सांगतो.

*पंखा.* गर्दीत तापते आणि रस्ता मोकळा झाला की ठीक होते, तर संशय पुढच्या पंख्यावर. गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहू द्या. काटा मध्यावर आल्यावर, पाणी शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की पंखा लागायला हवा. लागला नाही तर इंजिन लगेच बंद करा, मग फ्यूज, रिले आणि पंख्याचा प्लग या क्रमाने बघा. रेडिएटर नाकात खाली असल्यामुळे पानं, खडी आणि मीठ यांनी जाळी भरते. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ रेडिएटरच्या पातळ फिन्स खाऊन टाकतं. बोटाने हलकं दाबलं आणि फिन्स भुकटी होऊन गळाल्या तर रेडिएटर नवाच लागेल.

उलट लक्षण, म्हणजे मोटरवेवर किंवा चढावर तापते आणि गर्दीत ठीक, तर पंख्यात वेळ घालवू नका. तिथे प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून तुंबलेला असेल, पाणी कमी असेल, किंवा गॅस्केटमधून गॅस पाण्यात जात असेल.

*गळती शोधणं.* मुळात हेच काम आहे, आणि इथे घाई करू नये. एक हातपंपाचा प्रेशर टेस्टर विकत घ्या किंवा मागून आणा. इंजिन थंड असताना तो टँकवर बसवा, कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच दाब द्या आणि निदान अर्धा तास तसाच ठेवा. दाब उतरला तर पाणी कुठून तरी जातंय. मग टॉर्च घेऊन या जागा बघा :

पहिली जागा इनलेट मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाची) गॅस्केट. या गाडीत हेड गॅस्केटच्या नावावर जितकं खापर फुटतं त्यातलं बरंच हिचं असतं. के-सीरिजच्या प्लास्टिक मॅनिफोल्डमधून पाण्याचा मार्गही जातो, आणि त्याची रबरी सील काळाने कडक होते. तिथून पाझरणारं पाणी गरम ब्लॉकवर पडून सुकतं, म्हणून जमीन कोरडी राहते. मॅनिफोल्ड आणि हेड जुळतात तिथे आरसा धरून बघा. वाळलेल्या कूलंटचे पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसले तर चोर सापडला. गॅस्केट स्वस्त आहे. काम किचकट असलं तरी घरी होण्यासारखं आहे. मॅनिफोल्डचे नट ठरलेल्या टॉर्कनेच घट्ट करा. प्लास्टिक आहे, जोर केला की चिरतं.

दुसरी जागा वॉटर पंप. तो टायमिंग बेल्टवर चालतो. बेल्टच्या कव्हरच्या खालच्या बाजूला ओल किंवा ओघळ दिसला तर पंप गेला आहे, आणि पाणी बेल्टवरही पडत असेल. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदलायचे. बेल्ट बदलायचाच असेल तर जुना पंप "अजून चांगला आहे" म्हणून परत बसवण्यात काही अर्थ नाही.

तिसरी, फ्लोअरखालचे लांब पाइप. मुळात ते साध्या स्टीलचे होते, आणि जिथे रबरी होज चढते तिथे होजच्या आतल्या बाजूने गंजतात. बाहेरून ठीक दिसतात. क्लॅम्पच्या कडेला गंजाचे फोड आले असतील तर स्टेनलेस स्टीलचे पाइप बाजारात मिळतात, एकदाच टाका. गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर जाऊ नका. अॅक्सल स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, सपाट काँक्रीटवर काम करा. हे नसेल तर पाइपचं काम गॅरेजलाच द्या.

चौथी, हीटरचा मॅट्रिक्स, म्हणजे आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर. ओलं कार्पेट आणि गोड वास हे त्याचे पुरावे.

कुठेच काही दिसत नसेल आणि दाब तरीही उतरत असेल, तर स्पार्क प्लग काढून बघा. चारांपैकी एखादाच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

*एअर काढणं.* पाण्याचं कोणतंही काम झालं की हे नीट करा. अर्धवट एअर काढलेल्या गाड्या माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात. काम योग्य झालेलं असतं, नवी गॅस्केट बसवलेली असते, आणि दोन आठवड्यांत गाडी पुन्हा तापते, कारण पाइपमध्ये हवा अडकून राहिलेली असते. हवेचा बुडबुडा हेडमध्ये पोचला की तिथला धातू क्षणभर कोरडा पडतो, आणि तेवढ्यात नव्या गॅस्केटवर ताण येतो.

गाडी सपाट, इंजिन थंड, हीटर पूर्ण गरमवर. एअर काढायच्या जागा तीन : रेडिएटरच्या वर, पुढे हीटरच्या पाइपवर, आणि मागे इंजिनाच्या पाण्याच्या पाइपवर. तिन्ही उघडून टँकमध्ये कूलंट हळूहळू ओता. ज्या जागेतून बुडबुड्यांशिवाय अखंड धार येईल ती बंद करा. रेडिएटरचा स्क्रू जुना असेल तर फार जपून फिरवा, तो तुटतो. अडकला असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा. मग कॅप लावून इंजिन चालू करा, पुढचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून कडक गरम हवा यायला हवी. रात्रभर थंड होऊ द्या, पातळी भरा, आणि दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. हे काम वारंवार करणाऱ्याने व्हॅक्यूमने भरायचं साधन घ्यावं. सगळी हवा आधी ओढून घेऊन मग कूलंट आत सोडता येतं, आणि अशा लांब पाइपांच्या गाडीत त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

कूलंट कोणतं ते हँडबुकमध्ये बघा. जुन्या आणि नव्या प्रकारांची मिसळ करू नका. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून, पाण्याने धुऊन एकाच प्रकारचं भरा.

*थर्मोस्टॅट.* पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की त्याची वाट उघडणारा हा व्हॉल्व्ह. या इंजिनात तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम बाजूला नाही, रेडिएटरहून परत येणाऱ्या थंड बाजूला आहे. म्हणजे इंजिन गरम होत असताना पुढचं रेडिएटर आणि लांब पाइप यांतलं पाणी गारच राहतं. थर्मोस्टॅट उघडला की ते सगळं गार पाणी एकदम गरम ब्लॉकमध्ये घुसतं. अॅल्युमिनियम आकसतं, थोड्या वेळाने पुन्हा फुगतं, आणि हेड व ब्लॉक यांच्यामधली गॅस्केट दर वेळी घासली जाते. कंपनीने हे ओळखलं होतं. नंतरच्या काही मॉडेलांत दाबावरही उघडणारा, रेषेतच बसणारा वेगळा थर्मोस्टॅट दिला, ज्यामुळे गार पाणी थोडं थोडं मिसळतं. जुन्या गाडीला तो बसवता येतो, आणि हेडचं काम करून घेत असाल तर बसवून घ्याच. नसेल बसवायचा तर एक सवय लावा : काटा मध्यावर स्थिर होईपर्यंत इंजिन जोरात फिरवायचं नाही, विशेषतः हिवाळ्यात.

अर्धवट उघडा अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन गरमच होऊ देत नाही. बंद अडकलेला असेल तर ते झपाट्याने तापतं आणि पुढची होज गारच राहते. होजला हात लावून हे लगेच समजतं. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

*गॅस टेस्ट.* इथपर्यंत काहीच सापडलं नाही तर ब्लॉक टेस्टर आणा. टँकच्या तोंडावर निळं द्रव असलेली नळी धरायची, इंजिन चालू ठेवायचं आणि टँकमधली हवा त्यातून ओढायची. पाण्यात जळलेला गॅस येत असेल तर पेट्रोल इंजिनावर निळं द्रव पिवळं होतं. टँकमधलं कूलंट नळीत येऊ देऊ नका, नाहीतर निकाल चुकतो. साधन स्वस्त आहे आणि त्याचं उत्तर स्पष्ट असतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज कडक होणं हाही त्याच दिशेचा पुरावा. इतक्या लवकर पाणी तापून दाब वाढत नाही, तो दाब सिलिंडरमधून येतो.

इथे थांबा

द्रव पिवळं झालं, किंवा डिपस्टिकवर पाणी दिसलं, किंवा काटा वर जाऊन पडेपर्यंत गाडी चालवली गेली असेल, तर पुढचं काम के-सीरिज जाणणाऱ्या माणसाचं. चांगला हौशी मेकॅनिकसुद्धा इथे अडकतो, त्याचं कारण लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या धातूच्या नळ्या. या इंजिनाचे सिलिंडर लायनर ब्लॉकमध्ये नुसते एका कडेवर टेकलेले असतात, खाली सीलंट असतं आणि वरून हेड त्यांना दाबून ठेवतं. हेड काढल्यावर लायनर दाबून धरायचे क्लॅम्प न लावता क्रँक जरा जरी फिरवला, तरी लायनर उचलला जातो आणि खालचं सील सुटतं. मग पाणी थेट ऑइलमध्ये, आणि इंजिन पूर्ण खोलावं लागतं. लायनरची वरची कड ब्लॉकच्या किती वर आहे ते डायल गेजने मोजावं लागतं. ती खाली बसली असेल तर कितीही चांगली गॅस्केट टाका, टिकत नाही. जास्त तापलेल्या हेडचं अॅल्युमिनियम मऊ पडतं. ते तपासायला मशिन शॉप लागतं. बोल्ट २० न्यूटन मीटरला आवळून मग १८० अंश आणि पुन्हा १८० अंश फिरवायचे असतात, ठरलेल्या क्रमाने. व्हीव्हीसी असेल तर कॅमची जुळणी आणखी किचकट.

गॅरेज निवडताना हे थेट विचारा. लायनरची उंची मोजणार का, आणि आकडा लेखी देणार का? हेड मशिन शॉपमध्ये पाठवणार का? कोणती गॅस्केट वापरणार, जुनी रबरी कडांची की अनेक स्टील थरांची, आणि नव्या प्रकारासोबत मजबूत ऑइल रेल (हेडच्या बोल्टांची खालची टोकं धरणारी पट्टी) टाकणार का? हेडच्या जागा जुळवणाऱ्या पिना प्लास्टिकच्या असतील तर स्टीलच्या टाकणार का? पाणी मुळात कुठून गेलं ते शोधणार का? शेवटच्या प्रश्नाला "गॅस्केट बदलली की झालं" असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. आणि खर्चाचा अंदाज घेताना लक्षात ठेवा, साध्या एमजीएफच्या बाबतीत हा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या बरोबरीने जाऊ शकतो. लायनर खाली बसलेले निघाले तर चांगलं वापरलेलं इंजिन शोधणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं.

काम झाल्यावर टँकमध्ये कमी पातळीचा अलार्म बसवून घ्या. तयार किट मिळतात, वायरिंग साधं आहे. काटा हलायच्या आधीच तो वाजतो, आणि के-सीरिजला वाचवायला तेवढी मिनिटं पुरतात. टँकवरचा टेप आणि तारीख मात्र पहिले दोन महिने तशीच राहू द्या, रोज सकाळी बूट उघडून बघा.